पावसात कोंडलेली एमजीए, आणि बोरीच्या चढावर बंद पडण्याचं कोडं

बलकांव (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९५८ची एमजीए गाडी आहे, १५०० मॉडेल, दोन सीटची, उघड्या टपाची. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात लाखभर एमजीए तयार झाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. आमची मुरगाव बंदरात उतरली. खाणींना बरकत आलेली ती वर्षं, परदेशी गाड्या गोव्यात सहज येत. पोर्तुगालने १९२८ साली आपली वाहतूक उजवीकडे नेली, पण गोवा शेजारच्या मुलखासारखा डावीकडूनच चालत राहिला, म्हणून आमच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे आहे. बाबांनी ती १९७४ साली मडगावच्या एका कुटुंबाकडून घेतली. बाबा गेल्यावर माझ्याकडे आली, त्याला आता अकरा वर्षं झाली.

पहिली पाच वर्षं मी तिला कसं जपलं ते आधी सांगतो, कारण त्यातच सगळं आलं. मे महिन्यात घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची घाई असते. त्याच आठवड्यात मी गाडी धुऊन-पुसून शेडमध्ये लावायचो, हँडब्रेक ओढायचो, वरून निळी ताडपत्री घट्ट बांधायचो आणि चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर सोडायचो. दर वर्षी काहीतरी नवीन निघायचं. एकदा मागचे ड्रम धरले, हातोडीने ठोकून सोडवावे लागले. एकदा क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली. एकदा डायनामो चार्ज करेना. मी म्हणायचो, साठ वर्षांची गाडी आहे, व्हायचंच.

सहाव्या वर्षी सीट बाहेर काढल्या. या गाडीच्या पायाखाली पत्रा नसतो, प्लायवूड असतं, हे पुष्कळांना ठाऊक नाही. चॅसिसच्या पट्ट्यांवर फळ्या स्क्रूने बसवलेल्या असतात. मी रबरी मॅट उचलली, फळी वरून धड दिसत होती. पेचकस नुसता टेकवला, जोर दिला नव्हता, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओल्या पेंडीसारखा काळा लगदा. फळ्या उचलल्यावर खालच्या पट्ट्यांची पापडं हातात आली. मग दारं उघडली. दाराचं वरचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं आणि आतली चौकट लोखंडाची. खाऱ्या दमट हवेत हे दोन धातू एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम आधी जातं. दोन्ही दारांच्या खालच्या कडेला पांढरी पूड साठली होती, चुना सांडावा तशी.

त्या संध्याकाळी मी हिशेब मांडला. अकरापैकी त्या सहा वर्षांत चालवून झिजलेल्या वस्तू एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. बाकी सगळं उभं ठेवल्यामुळे आणि ओलीत कोंडल्यामुळे गेलं होतं. प्लास्टिकची ताडपत्री वरचा पाऊस अडवते, पण खालून जमिनीतून येणारी वाफ आतच अडकते. आमची शेड चिऱ्याची आहे. चिरा पाणी पितो आणि चार महिने सोडत राहतो. मी गाडीला दर पावसाळ्यात वाफवत होतो.

आता करतो ते असं. शेडच्या जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरतो, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर गाडी. म्हणजे प्लास्टिक गाडीच्या खाली, वर नाही. वरून फक्त जुन्या सुती चादरी. टप चढवलेला, पण दारं एका खटक्यावर, वारा खेळेल अशी. हँडब्रेक कधीच ओढत नाही, चाकांना लाकडी ठोकळे लावतो. कपाटात साड्यांना बुरशी येऊ नये म्हणून बल्ब लावतात तसा चाळीस वॅटचा जुना पिवळा बल्ब जाळीत घालून सीटच्या पायाशी लावतो. गाडीला पेट्रोलचा थोडासाही वास असेल तर मात्र हे करू नका, आधी गळती शोधा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावसाची उघाड पडली, रस्ता वाळला, की गाडी बाहेर काढून निदान वीस मिनिटं पळवतो. शेडमध्येच नुसतं इंजिन चालू ठेवून भागत नाही. ते नीट तापत नाही, ऑइलमध्ये पाणी साठतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. गेले पाच पावसाळे असे काढले. ड्रम एकदाही धरले नाहीत.

आता अडचण. यंदा मे महिन्यापासून गाडी एका विचित्र तऱ्हेने बंद पडते. फोंड्याहून मडगावला जाताना काही नाही. तिथे पेट्रोल भरतो, परत निघतो, बोरीचा पूल ओलांडून चढाला लागलो की इंजिन खोकतं, दोन आचके देतं आणि मरतं. वीस मिनिटं थांबलं की एका सेल्फला चालू, जणू काही झालंच नाही. असं चार वेळा झालं. कुणाला असा अनुभव आहे का?


तांबडी_माती:

बलकांवदादा, फळ्यांचं वाचून जीव हळहळला. मी डिचोलीचा. आमच्या घरी टॅक्सीच्या दोन अ‍ॅम्बेसेडर होत्या, लहानपण त्यांच्या खालीच गेलं.

तापल्यावर मरते आणि थंड झाल्यावर चालू होते, हे ऐकलं की माझा हात आधी कंडेन्सरवर जातो. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला तो बोटभर डबा. गरम झाला की आतून शॉर्ट होतो, ठिणगी पिवळी आणि मरतुकडी पडते, गार झाला की पुन्हा साळसूद. पॉइंट, म्हणजे तिथलेच वीज जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, काढून बघा, दोन्ही तोंडं काळी-निळी जळाली असतील तर तोच चोर. गॅप ०.४ मिलिमीटरला लावा. आमचे मेस्त (मेकॅनिक) फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, हरवलं की पोस्टकार्डाची घडी घालायचे, पण तुम्ही फीलरच वापरा.

आणि एक, तुम्हाला माहीत असेलच, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. एमजीए १५००चं इंजिन आणि जुन्या ओव्हरहेड व्हॉल्व्ह अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन एकाच कुळातलं. दोन्ही बी-सिरीज, दोन्ही १४८९ सीसी, बोअर ७३.०२५ आणि स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. तुमच्या गाडीला दोन कार्ब्युरेटर, आमच्या टॅक्सीला एक, पण ब्लॉकजवळ उभं राहिलं की ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटतं. म्हणून ज्या म्हाताऱ्या मेस्तांनी तीस वर्षं अ‍ॅम्बेसेडर खोलल्या त्यांना तुमची गाडी परकी नाही. ती माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घ्या.


बलकांव:

अगदी खरं. माझ्याकडे येणारे मेस्त असेच, आता सत्तरी ओलांडली आहे. गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बॉनेट उघडून फक्त "अरे, ही तर आपलीच" म्हणाले आणि कामाला लागले. टाइमिंग चेन आणि ऑइल पंपाचं सामान मला त्यांनीच जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या साठ्यातून मिळवून दिलं. पिस्टनच्या बाबतीत मात्र त्यांनीच हात धरला. एमजीएचं कॉम्प्रेशन ८.३, अ‍ॅम्बेसेडरचं त्याहून कमी. पिस्टन आत बसतो, पण गाडीचा दम जातो.

कंडेन्सर मी दुसऱ्या वेळेलाच बदलला. चौथ्या वेळी रस्त्याच्या कडेला प्लग काढून ब्लॉकला टेकवला आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी निळी, कडक, टक्कन आवाज करणारी. म्हणजे वीज येतेय.


मांडवीकाठ:

वीज येते तर उरलं पेट्रोल. मला वाटतं ते उकळतंय. एमजीएचे कार्ब्युरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी डोक्यावर असतात. त्यात आता मिळणारं पेट्रोल ई२०, वीस टक्के इथेनॉल. चढावर इंजिन तापलं, वेग कमी, वारा नाही, की नळीत वाफ धरते. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधला पत्रा जागेवर आहे का? त्याला अ‍ॅस्बेस्टॉसऐवजी सिरॅमिकची चादर लावा. माझ्या हेराल्डला पणजीच्या गर्दीत हाच त्रास होता, तो पत्रा लावल्यावर गेला.

ई२०बद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण जुन्या गाडीवाल्यांनी हे अजून मनावर घेतलेलं दिसत नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं. नळी बाहेरून ठीक दिसते, आतून सुटलेले कण जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक वाटेत, जाऊन बसतात. टाकीच्या तळाचा जुना चिकटाही ते धुऊन काढतं आणि फिल्टर भरतो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवली तर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, वर नुसतं पेट्रोल. पहिल्याच सेल्फला पंप ते खालचं उचलतो. नळ्या बदलताना दुकानदाराला फ्लुओरोइलॅस्टोमरचा आतला थर असलेली नळी मागा, तिच्यावर आर९ छापलेलं असतं. साधी काळी रबरी नळी दिली तर घेऊ नका.


बलकांव:

सगळं केलंय. पत्रा जागेवर आहे. मे महिन्यात सगळ्या नळ्या आर९च्या घातल्या, फ्लोट चेंबरचे (कार्ब्युरेटरजवळ पेट्रोल साठवणाऱ्या वाटीचे) वायसर बदलले, टाकीच्या झाकणाखालचा जुना कॉर्कचा वायसर फुगून तुकडे पडत होते म्हणून तिथेही इथेनॉलला टिकणारा जाड रबरी वायसर कापून घातला. इथेनॉलमुळे मिश्रण हलकं होतं म्हणून दोन्ही जेट एक-एक पैलू खाली घेतले.

तुमच्या शंकेवरून काल मुद्दाम ओला टॉवेल घेऊन गेलो. बंद पडल्याबरोबर दोन्ही फ्लोट चेंबरवर टाकला. दहा मिनिटांत टॉवेल गरम झाला, गाडी काही सुरू झाली नाही. मग फ्लोट चेंबरचं झाकण उघडलं, एका बोल्टवरच असतं. आत पेट्रोल उकळत नव्हतं. पेट्रोलच नव्हतं. तळाला दोन थेंब.


नवखा_गडी:

मधेच विचारतो, माफ करा. पैलू खाली घेतले म्हणजे काय केलं? मी अशीच एक जुनी उघडी गाडी घ्यायच्या विचारात आहे, पण कार्ब्युरेटरची भीती वाटते.


बलकांव:

भीती वाटून घेऊ नका. एसयू कार्ब्युरेटर ही शिकायला सगळ्यात सोपी वस्तू आहे. एक घंटेसारखी टोपी, आत वर-खाली होणारा पिस्टन, त्याला लोंबणारी सुई, आणि खाली जेट. हवा जितकी जास्त ओढली जाते तितका पिस्टन वर, सुई बारीक होत वर सरकते, पेट्रोलला वाट मोठी मिळते. जेटच्या खाली सहा पैलूंचा नट असतो. तो खाली फिरवला की पेट्रोल वाढतं, वर घेतला की कमी. एक पैलू म्हणजे एक षष्ठांश फेरा.

बरोबर लागलं की नाही हे पाहायला इंजिन तापवून आयडलला ठेवा आणि पिस्टन अगदी किंचित उचला, मिलिमीटरहून कमी, खाली त्यासाठी छोटी पिन असते. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन गुदमरून मरायला लागलं तर कमी. क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आलं तर हात काढून घ्या.

दोन कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का हे मी रबरी नळीने ऐकतो. हातभर नळी, एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आधी पुढचा, मग मागचा. दोन्हीकडे एकाच पट्टीतला 'श्श' ऐकू आला पाहिजे. पहिल्या वेळी मला तासभर काही फरक कळला नव्हता. मग अचानक कळायला लागला, आणि आता तो न कळणं शक्य नाही. वरच्या टोपीत वीस ग्रेडचं पातळ ऑइल घालायला विसरू नका. ते संपलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते आणि लोक विनाकारण पॉइंट बदलत बसतात.


सुई_दोरा:

माझं क्षेत्र इंजिन नाही. मी म्हापशात सोफे, होड्यांची कव्हरं आणि कधीमधी असे टप शिवते. बलकांव यांनी टप चढवून ठेवतो असं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ टप ओले असताना घडी घातल्यामुळे फाटलेले असतात. घडीत ओल राहते, बुरशी दोरा खाते आणि कापड शाबूत असताना शिवण उसवते. म्हणून मी सुती दोरा वापरत नाही, होडीच्या शिडाला वापरतात तो पॉलिस्टरचा दोरा वापरते.

मागची प्लास्टिकची खिडकी कोरड्या फडक्याने कधीही पुसू नका. आपल्याकडची तांबडी धूळ म्हणजे बारीक सँडपेपर. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्या, मग ओल्या मऊ कापडाने. आणि सकाळच्या गारव्यात खिडकी घडी घालू नका, ऊन लागून नरम झाली की मगच, आणि मधे जुनी बनियन घाला.


बलकांव:

ताई, ही दोऱ्याची गोष्ट मला माहीत नव्हती. माझ्या टपाची डावी शिवण अशीच सुटायला लागली आहे. डिसेंबरच्या आत घेऊन येतो.


पंचगंगा:

मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात हेड आणि ब्लॉकची मशिनिंगची कामं करतो. फ्लोट चेंबर कोरडा होता हे वाचल्यापासून विचार करतोय. बलकांव, तीन गोष्टी सांगा. गाडी मरते तेव्हा पेट्रोल पंपाचा आवाज येतो का? पंपाला हात लावून पाहिलात का? आणि टाकी भरलेली असते तेव्हा लवकर मरते की रिकामी असते तेव्हा?


बलकांव:

एमजीएचा पंप विजेचा, सीटच्या मागे चॅसिसला लावलेला. किल्ली फिरवली की टक-टक-टक करतो, फ्लोट चेंबर भरले की थांबतो. गाडी मरायच्या आधी तो टक... टक... असा संथ होत जातो आणि मग पूर्ण गप्प. हात लावला तर चटका बसावा इतका गरम. म्हणूनच मी उष्णतेमागे लागलो होतो. नवा पंप मागवायच्या बेतात आहे.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र मला वही काढायला लावली. मी प्रत्येक फेरी लिहून ठेवतो. कालची धरून पाचही वेळा टाकी मडगावला काठोकाठ भरलेली होती. मधे एकदा अर्ध्या टाकीवर सावर्ड्यापर्यंत जाऊन आलो, भर दुपारी, काही झालं नाही.


पंचगंगा:

पंप मागवू नका. पंप चांगला आहे.

या पंपाचं काम कसं चालतं ते बघा. वीज आली की चुंबक डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) ओढतो आणि टाकीतून पेट्रोल आत येतं. ओढ पूर्ण झाली की पॉइंट उघडतात, वीज तुटते, आणि स्प्रिंग ते पेट्रोल पुढे ढकलते. पुढे जायची वाट बंद असेल, म्हणजे फ्लोट चेंबर भरलेले असतील, तर पंप वीज तुटलेल्या अवस्थेत थांबतो, त्यामुळे थंड राहतो. मागून पेट्रोल येत नसेल तर डायफ्रॅम अर्ध्यावर अडकतो, पॉइंट मिटलेले राहतात, वीज वाहत राहते आणि कॉइल तापते. तुमचा पंप गप्प आणि गरम आहे. म्हणजे तो ओढतोय आणि त्याला ओढता येत नाहीये.

आता टाकी. पेट्रोल बाहेर गेलं तर तितकी हवा आत यायला हवी. वाट बंद असेल तर आत पोकळी होते. टाकी काठोकाठ असेल तर वर हवा जेमतेम लिटर-दोन लिटर. त्यातून दीड लिटर पेट्रोल गेलं की दाब झपाट्याने उतरतो. अर्धी टाकी असेल तर वर वीस-बावीस लिटर हवा आहे, तिला दीड लिटरचं काहीच वाटत नाही. वीस मिनिटं थांबलात की कुठूनतरी हवा झिरपते आणि गाडी सुरू होते. उष्णतेचा संबंध नाही, अंतराचा आहे.

तुम्ही मे महिन्यात झाकणाचा वायसर बदलला आणि त्रास मे महिन्यात सुरू झाला. पुढच्या वेळी बंद पडली की बॉनेट उघडू नका. टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या.


बलकांव:

आज पहाटे मुद्दाम मडगावला जाऊन टाकी काठोकाठ भरली. पूल ओलांडला, चढाच्या दुसऱ्या वळणावर इंजिन खोकलं. गाडी कडेला घेतली, उतरलो, मागे जाऊन झाकण सैल केलं.

एक लांब 'हुस्स' असा आवाज झाला. आत हवा शिरत होती, चांगली तीन-चार सेकंद. झाकण हातात असतानाच सीटच्या मागून पंप सुरू झाला, टक-टक-टक-टक, घाईघाईने, आणि थांबला. किल्ली फिरवली, गाडी चालू.

घरी येऊन झाकण टेबलावर घेतलं. आतल्या पत्र्यात हवेसाठी टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र आहे, ते पॉलिश आणि गंजाने पूर्ण बुजलेलं. किती वर्षांपूर्वी बुजलं कोण जाणे. इतकी वर्षं हवा जात होती ती फाटक्या कॉर्कच्या वायसरमधून. मी तो बदलून घट्ट रबर घातलं आणि टाकीचा श्वास बंद केला. सुईने छिद्र मोकळं केलं, रॉकेलने धुतलं, फुंकर मारून पाहिली. परत बोरीला जाऊन आलो, वर जाऊन झाकण उघडलं. आवाज नाही.

पंचगंगा, तुम्ही कोल्हापुरात बसून फोंड्यातल्या गाडीचं बरोबर निदान केलंत. मनापासून आभार.


तांबडी_माती:

वा! आमच्या टॅक्सीच्या काळात मेस्त म्हणायचे, काम केल्यावर गाडी बिघडली तर आधी तूच हात लावलेली जागा बघ. कंडेन्सरच्या नादात मला तेच सुचलं नाही.

दोन प्रश्न. नव्या फळ्या कशाच्या घातल्यात? आणि पावसाळ्यात क्लच चिकटू नये म्हणून आमच्याकडे पेडल दाबून सीटला काठी टेकवून ठेवायचे, तुम्ही करता का?


बलकांव:

फळ्या १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायच्या. आपल्याकडे होड्या बांधणारे आहेत, त्यामुळे खरं मरीन प्लाय मिळतं, हे गोव्यात राहण्याचं भाग्य. जुन्या फळ्यांचे मोठे तुकडे जोडून आकार काढला. कापलेल्या कडा सगळ्यात नाजूक, पाणी तिथूनच चढतं. त्या कडांना आणि खालच्या बाजूला काजूच्या टरफलांचं तेल दिलं, कोळी लोक होड्यांना देतात तेच. दोन हात दिले, प्रत्येक हात वाळायला आठवडा लागला. हातमोजे घातल्याशिवाय त्याला शिवू नका, कातडीवर फोड येतात. माझ्या मनगटावर एक थेंब उडाला होता, त्याचा डाग महिनाभर गेला नाही. वरच्या बाजूला साधा ऑइलपेंट. पाच पावसाळे झाले, फळ्या टणक आहेत.

काठीचा उपाय मी करत नाही. एमजीएचा क्लच हायड्रॉलिक आहे, ब्रेक आणि क्लच दोघांचा मास्टर सिलिंडर एकाच ओतीव डब्यात. चार महिने पेडल दाबलेलं ठेवलं तर रबरी सील त्या एकाच जागी दाबात राहतात. त्यापेक्षा आठवड्याला गाडी हलवणं बरं. तारेच्या क्लचला काठी चालत असेल.


मांडवीकाठ:

ब्रेकचा विषय निघाला म्हणून. साधं ब्रेक ऑइलही इथेनॉलसारखंच हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्या हवेत तर लवकरच. बाहेर दोन वर्षांनी बदलतात, मी दर वर्षी पावसाळ्यानंतर बदलतो. या गाड्यांचा ब्रेक एकाच सर्किटचा असतो. कुठे एक सील गेलं की चारही चाकांचा ब्रेक जातो. कार्ब्युरेटर महिनाभर बिघडलेला राहिला तरी चालेल, ब्रेकच्या बाबतीत उद्यावर ढकलू नका. आणि सिलिकॉनचं डॉट ५ जुन्या ऑइलमध्ये मिसळू नका, घालायचंच तर आधीचं सगळं काढून, सील बदलून.

नवखा_गडी यांनी गाडी घ्यायची म्हटलंय. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी असेल तर २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे तिची विंटेज म्हणून नोंदणी होते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाला ५,०००. नव्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रोज कामावर न्यायला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल यासाठीच.


नवखा_गडी:

आभारी आहे. एक शेवटचं. या गाड्या शिशाच्या पेट्रोलसाठी बनल्या होत्या ना? मग आताच्या पेट्रोलने व्हॉल्व्ह जात नाहीत का?


पंचगंगा:

आपल्याकडे शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. बी-सिरीजच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट बिडातच कापलेल्या असतात, वेगळी कडक रिंग नसते. शिसं त्या सीटवर थर धरायचं. ते गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू बुडतो. पण याला सतत मोठा वेग लागतो. गोव्याच्या रस्त्यांवर साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला हेड उघडायची घाई करू नका.

दर दोन हजार किलोमीटरला टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट, मोजा आणि वहीत लिहा. एखाद्या एक्झॉस्टची गॅप प्रत्येक वेळी कमीच होत असेल तर ती सीट बुडतेय. मग हेड काढा आणि कडक रिंगा बसवून घ्या. गॅप स्थिर असेल तर गाडी चालवा.


बलकांव:

वही ठेवाच, नवखा_गडी. वही नसती तर काठोकाठ टाकीची गोष्ट माझ्या ध्यानातही आली नसती.

अजून एक सावधगिरी, नव्या माणसाकडून हटकून चूक होते म्हणून. या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं, आजच्या गाड्यांच्या उलट. मूळ रचनेत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे असतात. माझी गाडी एकदा बाहेरच्या एका गॅरेजमध्ये ठेवली होती, तिथल्या पोराने सवयीने बॅटरी उलटी जोडली आणि डायनामोचं कोडं सोडवण्यात माझे दोन महिने गेले. तेव्हापासून मी बॅटरीच्या झाकणाच्या आत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

रविवारी मागचे व्हील सिलिंडर उघडून सील बदलणार आहे, नंतर सगळं ब्रेक ऑइल नवीन. तांबडी_माती, सकाळी आठला याल का? मेस्त येणार आहेत, पण त्यांचा गुडघा दुखतो, आणि ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना पेडल मारायला एक माणूस लागेल. जॅकखाली घालायला दोन जाड फळ्या मिळाल्या तर घेऊन या. अंगण अजून ओलं आहे, स्टँड मातीत रुततात.